दारावरचे एकोणीस एक

गणिताच्या विभागप्रमुखांना दोनच गोष्टींची किळस होती: बोटांवर मोजणारी माणसं आणि बायकोचा भाऊ. दुर्दैवानं दोन्ही एकाच देहात नांदत होत्या. मेहुण्याचं पाट्या कोरायचं दुकान होतं.

सर निवृत्त होणार म्हणून वाचनकक्षाच्या दारावर त्यांच्या नावाची पितळी पट्टी लावायचं ठरलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "नाव काय, कुणालाही असतं. माझा आकडा लावा." त्यांचा आकडा म्हणजे ओळीनं एकोणीस वेळा एक. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. नुसत्या एकांचे आकडे बहुतेक फुसकेच निघतात. त्यांच्यामागं सरांचा जन्म गेला होता, आणि आपण गेल्यावर हा आकडा तरी दारावर राहावा, एवढीच इच्छा उरली होती.

मेहुणा कागदावरचा नमुना घेऊन आला. "भाऊजी, एकदा मोजून घ्या."

"मोजणं कारकुनांचं काम. आम्ही सिद्ध करतो," म्हणत सरांनी न बघताच सही ठोकली.

समारंभात पडदा सरकला. सर कृतार्थ चेहरा करून उभे. त्यांच्या खुर्चीवर येणाऱ्या बाई मात्र पट्टीवर दोन-दोनाच्या जोड्या लावत बोट फिरवू लागल्या. शेवटी एकही उरला नाही.

"सर, अकरानं भाग जातो की हो याला. शाळेतलं पोरही सांगेल."

सरांनी मेहुण्याकडे झुरळाकडे पाहावं तसं पाहिलं.

"मधला एक नेमका स्क्रूखाली येत होता," मेहुणा म्हणाला. "म्हणून दोन्हीकडे दहा-दहा केले. एकानं असं काय बिघडतं? आणि सही तुमचीच आहे."

"मग स्क्रू काढायचा, शहाण्या."

"मग पट्टी मधोमध फुगते."

"आणि इकडे नऊ, तिकडे दहा अशी कललेली पट्टी माझ्या विभागात लागणार नाही," बाई गोड हसून म्हणाल्या.

"बरं, नवी करतो," मेहुणा म्हणाला. "तुमच्या एकांमधला दुसरा सांगा, दोन्हीकडे सारखा बसणारा."

सर 'तेवीस एक' म्हणायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. तेवीसही विषम. त्यापुढचेही सगळे विषमच असणार. सम संख्येत एक मांडले, की अकरानं भाग गेलाच. हे त्यांनीच वर्षानुवर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं, मुलांना मठ्ठ म्हणत.

"एकच आहे," ते पुटपुटले. "खुद्द अकरा."

"बघा, पितळही वाचलं."

आता त्या दारावर दोनच एक आहेत, स्क्रूच्या अलीकडे एक, पलीकडे एक. सर अधूनमधून तिथं वाचायला जातात. नवी मुलं त्यांनाच अडवून विचारतात, "काका, दहा नंबरची खोली कुठं आहे?"

सर बोट दाखवतात, कुठंही.