सतरा आणि अठराच्या मधला

त्वचेसाठी चाळीस रंग होते. नाकं बावीस, भुवया अठरा, चष्मे चौतीस. केस एकशे बारा प्रकारचे, टक्कल धरून. उंची आणि रुंदी कमी-जास्त करायला एकेक पट्टी होती. पोट नव्हतं.

मच्छिंद्रने मोबाइलवर बोट फिरवत हे सगळं दोनदा मोजलं. बिबवेवाडीतल्या रंगांच्या दुकानात तो एकोणीस वर्षं रंग जुळवत होता. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा रुमालात बांधून आणायचं आणि म्हणायचं, "अगदी असाच पाहिजे." मशीन जवळपासचा आकडा काढून द्यायचं. वर काळ्याचे दोन थेंब टाकायचे की पिवळ्याचा एक, हे मात्र मच्छिंद्रचे डोळे ठरवायचे.

"काय रे, मघापासून काय निवडतोयस? स्थळं आलीत की काय दुसऱ्या लग्नाला?" मालक रावसाहेबांनी गल्ल्यावरून विचारलं.

"नाही हो. पूर्वाचा गेम आहे. आज चार वाजता पालकांना बोलावलंय."

"गेममध्ये पालकसभा? छान. म्हणजे तिथं तरी जाशील."

मच्छिंद्र हसला नाही. शाळेच्या पालकसभांना त्याची बायको शर्मिलाच जायची. तो रोज सकाळी लेकीला, पूर्वाला, स्कूटरवरून सदाशिव पेठेत शाळेच्या गेटपर्यंत सोडायचा, आणि तेवढा वेळ डोक्यावरचं हेल्मेट काढायचा नाही. काचही वर करायचा नाही. आख्ख्या पुण्यात स्वखुशीने हेल्मेट घालणारा एकच माणूस आहे आणि तो माझ्याकडे कामाला आहे, असं रावसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मच्छिंद्रच्या अंगावर कोड आलं ते पूर्वाच्या जन्माआधी दोन वर्षं. पहिल्यांदा बोटांच्या पेरांवर, मग पापण्यांवर, मग डाव्या गालावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे संसर्गजन्य नाही, दुखणार नाही. थांबेल की पसरेल हे मात्र सांगता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी गिऱ्हाइकांना ठाऊक नसायच्या. काही जण त्याच्या हातातून रंगांचं शेडकार्ड घेताना फक्त कोपरा धरायचे. त्याची त्याला सवय झाली होती. पण पूर्वा तिसरीत असताना गेटवर एका मुलीने विचारलं होतं, "ए, तुझ्या पप्पांना भाजलंय का?" पूर्वा काही बोलली नव्हती. नुसती दप्तराचा पट्टा पिळत उभी राहिली होती. मच्छिंद्रने त्याच संध्याकाळी हेल्मेट आणलं.

आता ती सातवीत होती. तिची मैत्रीण जैनब वडिलांच्या नोकरीमुळे मस्कतला गेली होती, आणि तिचा वाढदिवस या गेममध्ये होणार होता. तिथे जैनबने घर बांधलं होतं, अंगणात कारंजं बसवलं होतं. दिवसभर तुम्ही पोरी आत करता तरी काय, ते आम्हाला बघू द्या, अशी अट आयांनी घातली, म्हणून प्रत्येकीने घरचं एक मोठं माणूस आणायचं ठरलं. शर्मिलाला रविवारी रुग्णालयात ड्यूटी होती.

"पप्पा, तुम्ही याल ना? नक्की?" पूर्वाने तीनदा विचारलं होतं. त्याचं अकाउंटही तिनेच उघडून दिलं होतं, आणि गेममधला तुमचा अवतार तयारच आहे, तुम्ही फक्त आत या, असं बजावलं होतं.

याद्या मोजून झाल्यावर तो अवतार त्याने तीन वाजता पहिल्यांदा उघडला. पडद्यावर निळ्या शर्टातला एक माणूस वळून उभा राहिला. त्याच्या डाव्या गालावर पांढरा डाग होता. पापण्या पांढऱ्या होत्या. बोटं पेरांपर्यंत पांढरी होती. गेममध्ये 'रंगकाम' नावाचा एक थर होता. मुली त्यात गालावर फुलपाखरं काढायच्या. पूर्वाने त्यात हे काढलं होतं.

जिथे हवं ते नाक घेता येतं, तिथेही हे? आपल्या मुलीला आपण दुसरे कसे दिसूच शकत नाही का? आणि आता त्या मुली, त्यांच्या आया, सगळ्या बघणार, आणि ती पुन्हा पट्टा पिळत गप्प उभी राहणार. एक तास होता हातात.

त्याने त्वचेचे रंग उघडले. नमुना हातात नसताना आठवणीवर रंग जुळवायचा नाही, हा धंद्यातला पहिला नियम. लग्नातले फोटो पिवळे पडले होते. मग तो मागच्या गोदामात गेला, शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारली, आणि दंडाची जी जागा अजून शाबूत होती तिच्याशेजारी मोबाइल धरला. सतरा नंबर जरा पिवळा होता. अठरा तांबूस. दोन्हींच्या मधली छटा काढायला एक बारीक पट्टी होती. ती केसभर इकडे, केसभर तिकडे करण्यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी पडद्यावर प्रश्न आला : आधीचं रंगकाम काढून टाकायचं का? ते परत मिळणार नाही.

त्याने 'हो'वर बोट ठेवलं.

निळ्या शर्टातला माणूस आता एकसारखा होता. चौदा वर्षांपूर्वी आरशात असायचा तसा. मच्छिंद्रने त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. जुळलं होतं.

चार वाजता तो वीस लिटरच्या बादलीवर बसला आणि आत शिरला. फुगे, केक, कारंजं. कारंज्यात एक उंच बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या.

"आई, ते कारंजं आहे! बाहेर ये!" एका मुलीचा आवाज आला.

"अगं, येते कसली! हे पुढचं बटण कुठलं? मी नुसती गोल फिरतेय, चैताली."

सगळ्या खिदळल्या. जैनबची आई तरन्नुम म्हणाली, "राहू द्या ताई, तिथंच केक आणून देते."

मच्छिंद्रला हसू आलं. त्याने 'हॅलो' म्हटलं; कुणाला ऐकू गेलं नाही. माइकच्या चिन्हावर लाल रेघ होती. ती कशी काढायची ते त्याला सापडेना.

"ए पूर्वा, तुझे पप्पा आले," चैताली म्हणाली.

"कुठेत?" दोन वेण्यांची एक मुलगी धावत आली आणि त्याच्यासमोर थबकली.

"हे काय! डोक्यावर नाव बघ ना. 'पूर्वाचे पप्पा'."

पूर्वाने त्याच्याभोवती एक फेरी मारली. मच्छिंद्रचा अंगठा ओला झाला.

"हे नाहीयेत ते," ती म्हणाली.

"अगं, पण नाव–"

"नावाचं काय घेऊन बसलीस? मी बनवलंय पप्पांना. माझे पप्पा असे दिसत नाहीत."

"मग कुणीतरी अकाउंट चोरलंय," जैनब घाईने म्हणाली. "कम्प्युटरच्या मॅडम काय म्हणाल्या होत्या? फक्त घरच्यांना माहीत असेल असं काहीतरी विचार."

दोन वेण्यांची मुलगी एक पाऊल मागे सरकली. तिने धीर करून विचारलं, "तुम्ही जर माझे पप्पा असाल, तर सांगा, मला कशाची भीती वाटते?"

त्याने टाइप करायची चौकट उघडली. लहानपणी ती पालीला घाबरायची. मग अंधाराला. आता? गेल्या चार वर्षांत त्याने विचारलंच नव्हतं. एकच उत्तर त्याच्या मनात होतं, मैत्रिणींना आपला चेहरा दिसण्याची, आणि ते त्याला लिहायचं नव्हतं. त्याने पालीचा 'पा' एवढं लिहिलं आणि थांबला.

"बघ, येत नाहीये. नुसता बघत उभाय. काढते मी याला," जैनब म्हणाली.

पडदा करडा झाला. तुम्हाला या घरातून बाहेर काढण्यात आलं आहे.

लगेच फोन वाजला.

"पप्पा! तुम्ही कुठे आहात? कुणीतरी तुमचं अकाउंट ढापलंय. एक माणूस आला होता, तुमचं नाव लावून. काही बोलतच नव्हता!" ती रडायच्या बेतात होती.

अस्सं का, बघतो हं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाहेरून रावसाहेबांनी हाक मारली, "मच्छिंद्र, तो पिस्ता रंग झाला का?"

"मीच होतो तो," मच्छिंद्र म्हणाला.



"मग ते डाग?"

"पुसले."

"का? मला दोन दिवस लागले काढायला! दिवाळीचा फोटो मोठा करून करून काढलेत."

"तुझ्या मैत्रिणी बघतील म्हणून. तुला... लाज वाटायला नको."

"पप्पा, त्या तुम्हाला रोज बघतात."

"हेल्मेट असतं माझं."

"हाताला कुठे हेल्मेट असतं?"

मच्छिंद्रने हाताकडे पाहिलं. रोज सकाळी स्कूटरच्या मुठींवर दोन्ही हात असायचे, उघडे. चार वर्षं. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तिसरीत ती मुलगी बोलली होती, तेव्हा तू गप्प उभी होतीस," तो म्हणाला.

"मला उत्तर येत नव्हतं," पूर्वा म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नव्हतं ते काय आहे. मग मी पाचवीत नेटवर वाचलं आणि तिला सांगितलं." ती थांबली. "तुम्ही घरी या आता. सहापर्यंत आहेत सगळ्या. परत काढावं लागेल."

पाऊण तासाची सुट्टी मागितल्यावर रावसाहेब म्हणाले, "पाऊण तास म्हणजे पाऊणच," आणि पिस्ता रंगाचा डबा स्वतः मशीनखाली ठेवला.

घरी पूर्वाने त्याला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. उजेड डाव्या गालावर येईल असं त्याचं तोंड वळवलं. मांडीवर वही, शेजारी उघडी कंपासपेटी. फोटोवरून अंदाजाने काढलेले काही डाग मागच्या वेळी चुकले होते, या वेळी मोजूनच काढते, असं तिचं म्हणणं होतं. डॉक्टर सोडले तर त्या गालाला कुणी अशी पट्टी लावली नव्हती. पट्टी गार होती. तो श्वास रोखून बसला.

"हलू नका ना."

"नाही हलत."

"झालं का गं?" मोबाइलमधून चैतालीने विचारलं. "आई परत कारंज्यात गेलीय."

"थांब, कान राहिलेत."

तिने त्याचा उजवा कान बोटाने पुढे दुमडला आणि थांबली. वहीतल्या ओळी पुन्हा मोजल्या.

"तोंडावर फोटोत नऊ होते," ती म्हणाली. "हे दहा होतायत."

"कुठे आहे?"

"कानाच्या मागे. तुम्हाला नाही दिसणार."

मच्छिंद्रने हात वर नेला. तिने तो धरून परत त्याच्या गुडघ्यावर ठेवला, पट्टी टेकवली, आणि आकडा वाचला.

रुंदी सहा मिलिमीटर. उंची चार.