बाटलीवर लिहिलंय : तीन मीटर

मी काळी वाळू बोलतेय. मूळची समुद्रकिनाऱ्यावरची, पण सध्या मुक्काम काचेच्या बाटलीत, एका भाड्याच्या खोलीच्या खिडकीत. बाटलीवर चिठ्ठी आहे : 'तीन मीटर खोल'. ती धादांत खोटी आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म डोंगरातल्या खडकात. खडक झिजला आणि नदीने मला फरपटत समुद्रापर्यंत आणलं. माझ्यात इल्मेनाइट आहे, गार्नेट आहे, झिरकॉन आहे, सगळी जड खनिजं. माणसांना आमची फार गरज लागते म्हणे. मला त्याचं मेलं काही कौतुक नाही. मी जड, एवढंच मला ठाऊक. मोठं वादळ झालं की लाटा हलकी पांढरी वाळू उचलून नेतात आणि मी जागची हलत नाही. मग किनारा काळाकुट्ट दिसतो. पण तो थर जेमतेम वीतभर असतो. खाली सगळी पांढरीच.

अशाच एका वादळानंतर नमुनेवाला आला. खाण काढण्याआधी वाळू तपासायची होती. एका रांगेत ठरलेल्या सात जागी लांब दांड्याचं गिरमिट फिरवायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक, दोन, तीन मीटर खोलीवरच्या वाळूने तीन बाटल्या भरायच्या, हे त्याचं काम. माणूस कष्टाळू होता, उगाच कशाला नावं ठेवू? पण पाण्याच्या कडेला भोक टिकेना. गिरमिट वर काढलं की कडा आत ढासळायच्या. चार वेळा खणलं, चारही वेळा बुजलं.

किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडामागे त्याच्या आईचं घर होतं. ती दारातून ओरडली, "अरे, अजून किती वेळ? जेवण गार झालं!"

"आलो गं, पाचच मिनिटं!"

आणि पठ्ठ्याने काय केलं, तर वरवरच्या मलाच ओंजळीने खरवडून तिन्ही बाटल्यांत भरलं. टेकाडापर्यंतच्या त्या रांगेतल्या सातही जागी तसंच. मग हात धुऊन जेवायला गेला. "किती घामाघूम झालायस रे," म्हणत आईने त्याला वारा घातला.

प्रयोगशाळेत मला एका दाट द्रवात सोडलं. हलके कण त्यात तरंगतात, जड कण तळाला जातात. मी जवळजवळ सगळीच्या सगळी तळाला बसले. तिथले साहेब खुर्चीतून उठलेच. "अरे वा! तीन मीटरपर्यंत अशीच आहे?"

नमुनेवाला दारात उभा होता. खाली बघत म्हणाला, "हो साहेब."

'नाही' म्हणाला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या, सात भोकं पुन्हा पाडावी लागली असती, आणि विषय तिथेच मिटला असता.

यंत्रं आली. घरापुढचंच टेकाड खणायला घेतलं. वीतभर काळी, मग पांढरी, मग पांढरीच. "आणखी खाली असेल, आणखी खाली असेल," करत टेकाड संपलं. अहवालावर सही साहेबांची, म्हणून त्यांनीही मिठाची गुळणी धरली. यंत्रं निघून गेली. पुढच्या वादळात समुद्राला अडवायला काहीच उरलं नव्हतं. तो सरळ आईच्या स्वयंपाकघरात शिरला. शेजाऱ्यांनी तिला बाहेर ओढलं म्हणून ती वाचली. घराचा नुसता उंबरठा राहिला.

पुन्हा तपासणी झाली तर पंचाईत, म्हणून नमुनेवाल्याने मला प्रयोगशाळेतून गुपचूप उचललं. फेकायचा मात्र त्याला धीर झाला नाही. या खोलीत राहायला आल्यावर आईला मी त्याच्या पिशवीत सापडले. तेव्हापासून ती रोज पदराने बाटली पुसते. शेजारणीला दाखवते, "आमच्या दारात तीन मीटर खोल खजिना होता हो. घर उगाच नाही गेलं." तेवढाच तिला आधार. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज दुपारी लेकाला वाढता वाढता तिने विचारलं, "हिच्यासाठी फार खोल खणावं लागलं असेल ना रे?"

अरे, सांग आता! मला तोंड असतं तर मीच ओरडले असते : बाई गं, मी वरवरचीच होते, तुझ्या टेकाडापलीकडे उघड्यावर पडले होते!

त्याने भात कालवला.

"हो आई," तो म्हणाला.

"दमला असशील रे तेव्हा," म्हणत तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. "जेव, गार होतंय."