पुलाअलीकडचं कपाट

वर्डी टीटरचं दुकान वेस्ट व्हर्जिनियातलं शेवटचं. त्यापुढे पूल, पुलाखाली पोटोमॅक, आणि पूल उतरला की मेरीलँड, दुसरं राज्य. पेट्रोल, कॉफी, मासे धरायचे गळ, पेपरोनी घालून भाजलेले पाव, सगळं मिळायचं तिथे. पण निम्मी गिऱ्हाइकं यायची ती गल्ल्यामागच्या लोखंडी कपाटासाठी.

कारण साधं होतं. पुलाच्या अलीकडे भल्या माणसाने कमरेला पिस्तूल लावावं, वर जॅकेट चढवावं आणि खुशाल हिंडावं; परवाना लागत नाही, कुणी विचारत नाही. पलीकडे तेच पिस्तूल त्याच कमरेला सापडलं की हातात बेड्या. माणूस तोच, हत्यार तेच, मधे एवढीशी नदी! आणि मेला दवाखाना नेमका पलीकडे, कागदाची गिरणीही पलीकडेच. वर्डीचा भाचा एकदा गिरणीत जाताना सीटखालचं पिस्तूल काढायला विसरला आणि तिकडच्या पोलिसांनी त्याला धरलं. तुरुंग झाला, नोकरी गेली, बायको लेकराला घेऊन माहेरी गेली. तेव्हा वर्डीने वारलेल्या नवऱ्याचं शिकारीच्या बंदुकांचं कपाट घरातून उचलून दुकानात आणलं. पलीकडे जाताना ठेवा, परत आलात की न्या. पैसा नाही, चिठ्ठी नाही, चौकशी नाही. कुणाचं कुठलं ते तिच्या डोक्यात पक्कं. मागितलं आणि तिने दिलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि त्या भरवशावरच सगळं चाललं होतं.

एल्डन हार्मन एक दिवसाआड यायचा. जन्म कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस, बोलणं मोजकंच. बायकोची, मोझेलची, मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि रक्त धुवून घ्यायला तिला पलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. एल्डन पिस्तूल गल्ल्यावर ठेवायचा आणि मोझेल ट्रकमधूनच ओरडायची, "वर्डे, त्याला पाव देऊ नकोस गं! पँटचं बटण आता माझ्या डोळ्यात उडेल!"

"उडू दे, तुझे डोळे तरी उघडतील," वर्डी ओरडायची. "अशा माणसाशी लग्न केलंस ते डोळे मिटूनच ना?"

एल्डन हसायचा नाही, पण पाव मात्र दोन न्यायचा.

मार्चमधल्या एका सोमवारी दोघं पुलावरून गेली आणि परत आली नाहीत. मोझेलला दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. गुरुवारी सकाळी चर्चमधल्या बाईचा फोन आला की मोझेल पहाटे गेली. वर्डीने फोन ठेवला आणि रिकाम्या दुकानात मोठ्याने रडली. मग तोंड धुऊन कॉफी टाकली, कारण एल्डन याच रस्त्याने घरी जाणार होता.

तो दुपारी आला. न थांबता आधी घरी जाऊन मग परत आला असावा, कारण हातात दोरी होती आणि दोरीला त्याचा म्हातारा शिकारी कुत्रा. खांद्यावर कुत्र्याच्या खाण्याचं न फोडलेलं पोतं.

"एल्डन, काय बोलू रे मी," वर्डी म्हणाली. "माझी मोझेल गेली."

"हो." त्याने पोतं खाली ठेवलं. "हा तुझ्याकडे राहू दे. चावत नाही. गडगडलं की घाबरतो, तेवढं बघ."

"आणि तू कुठे चाललास?"

"कुठे नाही." तो कपाटाकडे बघत होता. "माझं दे, वर्डी."

कुत्रा देऊन पिस्तूल मागणारा माणूस कुठे निघालाय हे कळायला काही पुस्तकं वाचावी लागत नाहीत. किल्ली एप्रनच्या खिशात होती आणि हात आपसूक तिकडे गेलाही होता. इतकी वर्षं तो हात तसाच जात आलेला.

"कॉफी घे आधी."

"नको. माझं दे."

"एल्डन, बस जरा."

"बसायला आलो नाही मी!" तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. कुत्रा दचकून गल्ल्याखाली शिरला. "माझ्या पैशाचं आहे ते. तू कोण ठेवून घेणारी? कायद्याने तुला काही हक्क नाही."

"नाहीच आहे."

"मग?"

पेट्रोल भरून आलेला डॉयल कुकमन दारातच थांबला होता. त्याचंही पिस्तूल कपाटात होतं. तो बघतोय, आणि हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे वर्डीला कळत होतं. खोटं बोलावं, किल्ली हरवली म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. पण मोझेलच्या नवऱ्याशी आज खोटं बोलायला तिची जीभ उचलेना.

"पलीकडून परत आलास की देते, असं ठरलंय ना आपलं?" ती म्हणाली.

"मग आलोय की! डोळे फुटले का तुझे?"

"तू कुठे आलायस? मोझेल तिकडेच आहे अजून, त्या थंडगार खोलीत, परक्या लोकांत. तिला न घेता तू परत कसा येशील रे? गेलात तेव्हा दोघं होतात. तिला घरी आण, तुझ्या आईशेजारी टेकडीवर नीट ठेव. मग ये माझ्याकडे."

एल्डनने गल्ल्यावर मूठ आपटली. कॉफीचा कप उलटला. मग तो जिथे होता तिथेच खाली बसला आणि त्याच्या छातीतून असा आवाज आला की डॉयल बाहेर निघून गेला. वर्डी गुडघे धरत त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिलाही उठवायला नंतर कुणीतरी लागणार होतं, पण ते पुढचं पुढे.

मोझेलला शनिवारी पुलावरून आणलं आणि रविवारी टेकडीवर पुरलं. तोवर वर्डी एल्डनच्या घरी सोफ्यावर झोपली. लोक काय म्हणतील, याची फिकीर करायचं तिचं वय उलटलं होतं.

लोक बोलले ते वेगळंच. डॉयल आला, आपलं पिस्तूल घेतलं आणि म्हणाला, "वर्डीबाई, राग मानू नका. पण आज त्याचं ठेवलंत, उद्या माझं ठेवाल." आणखी चारसहा जणांनीही ठेवणं बंद केलं. वर्डीला ते लागलं. त्यांचं चुकत होतं असंही तिला म्हणवेना. कुणी उद्या पलीकडे पकडला गेला तर त्याचं पाप आपल्या माथी, हेही तिला टोचत राहिलं.

सोमवारी सकाळी एल्डन आला. दाढी केलेली, डोळे सुजलेले. "पुरलं तिला," तो म्हणाला. "आता दे."

आता तिच्याकडे सबब उरली नव्हती. तिने कपाट उघडलं. पिस्तूल हातात घेतलं, पण पुढे केलं नाही. जे इतकी वर्षं कुणाला विचारलं नव्हतं ते तिने सरळ विचारलं.

"एल्डन, तू जीव देणार आहेस का?"

त्याने नाही म्हटलं असतं तर तिला ते द्यावंच लागलं असतं, खरं असो वा खोटं.

"त्या दिवशी देणारच होतो," तो म्हणाला. "आजचं सांगता येत नाही."

"मग?"

"मग आज ठेव."

तिने ते आत ठेवलं आणि किल्ली फिरवली.

आता एल्डन रोज सकाळी येतो. पूल ओलांडायचं त्याला काही कारण राहिलेलं नाही, तरी येतो. वर्डी तोच प्रश्न विचारते. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी विचारते. लाजत नाही, आवाजही खाली आणत नाही. एल्डन खोटं बोलत नाही. काही दिवस तो "नाही" म्हणतो, थोडा थांबतो, आणि तरीही म्हणतो, "आज नको देऊस." काही दिवस नुसतीच होकाराची मान हलवतो. त्या दिवशी वर्डी दुकानाला कुलूप लावते आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी जाते.