सात पिढ्यांचा धागा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, मागे लोक भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका काचेच्या नळीवर खिळल्या होत्या. धागेगुरुजींनी ती दिव्यासमोर धरली. खाली गढूळ पाणी, वर नितळ पाणी, आणि दोन्हींच्या मधोमध काहीतरी पांढरं तरंगू लागलं होतं. गुरुजींनी काचेची कांडी आत घालून हलकेच फिरवली आणि वर उचलली. कांडीला चिकट, पांढरा, लोंबता धागा गुंडाळून आला.

"आला! आला!" कोणीतरी ओरडलं. एक म्हातारी ढसाढसा रडायला लागली.

"हा बघा तुमचा आजार," गुरुजी मायेने म्हणाले. "सात पिढ्यांपासून अंगात दडून बसला होता. डॉक्टर काय, वरवर कापतात. मुळाला हात घालायची हिंमत आहे कुणाची?"

एवढी हिंमत फक्त गुरुजींची होती, हे सांगायची गरज नव्हती. टाळ्यांनी ते सांगितलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका पासष्टीच्या बाईंनी कपाळाला हात लावला. त्या जीवरसायनाच्या प्राध्यापिका होत्या, आणि त्यांची उभी हयात हाच धागा काढण्यात गेली होती. आईबापांकडून आलेली सगळी लिखापढी पेशीत ज्याच्यावर असते, ज्याला शाळेतली पोरंही डीएनए म्हणून ओळखतात, तोच हा धागा. वासराच्या ग्रंथीतून, माशाच्या वीर्यातून, यीस्टमधून त्यांनी तो हजारदा काढला होता. गुरुजींच्या बोलण्यात 'सात पिढ्यांपासून' एवढंच खरं होतं, आणि बाईंना चीड आली ती नेमकी त्याचीच.

त्यांच्या शेजारी धाकटी बहीण बसली होती. आठ महिन्यांपूर्वी तिच्या छातीत वाटाण्याएवढी गाठ निघाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. ताईने विचारलं की धाकटी म्हणायची, "उपचार चालू आहेत गं." ताईही कामात. परवा दुपारी तिचा फोन आला, "शनिवारी ये. माझा धागा संपत आला बघ!" आणि शस्त्रक्रिया झालीच नाही, हे बाईंना तेव्हा कळलं.

"पहिल्यांदा केवढा निघाला होता माझा!" धाकटी कुजबुजली. "मागच्या खेपेला जेमतेम दोरा. आज निघणारच नाही."

"आणि गाठ?"

धाकटीने नजर चुकवली. "लिंबाएवढी झालीय. पण मूळ उपटलंय ना, बाहेर पडायच्या आधी जराशी फुगते म्हणे."

तेवढ्यात तिचा पुकारा झाला. बाई आता डोळ्यांत तेल घालून बघू लागल्या. नव्या माणसाला गुरुजी सांगत, "दातांनी गाल आतून चांगले खरवडा, मग मिठाच्या पाण्याची चूळ भरून नळीत सोडा." धाकटीला मात्र म्हणाले, "आधी साध्या पाण्याने चार वेळा खळखळून तोंड धुवा. शुद्ध व्हा." नव्यांच्या नळीत वरून ओतायचं 'शीतजल' बर्फात ठेवलेल्या निळ्या बाटलीतून यायचं आणि स्पिरिटचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायचा. धाकटीच्या नळीत ते पांढऱ्या बाटलीतून आलं आणि त्याला कसलाच वास नव्हता.

धागा निघाला नाही. सभागृह उठून उभं राहिलं. गुरुजींनी रिकामी कांडी नळीच्या काठावर दोनदा टिचकवली, करंगळी बाहेर काढून.

करंगळी बाहेर काढून दोनदा टिचकवण्याची सवय त्यांची स्वतःची होती, आणि त्यांचे सगळे विद्यार्थी ती उचलायचे. दाढीमागचा चेहरा आता कुठे ओळखू आला. तीस वर्षांपूर्वी मनाचे आकडे लिहिले म्हणून त्यांनी या मुलाची वही साऱ्या प्रयोगशाळेसमोर कचऱ्यात टाकून त्याला हाकललं होतं.

त्या तडक व्यासपीठावर चढल्या. गुरुजींनी हसून मान लववली आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "बाई, आकडे बनवले म्हणून तुम्ही हाकललंत. इथे आकडे कुणी विचारतच नाही."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ज्या नमुन्यावर दावा, त्याच नमुन्यावर तपासणी, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. "धाकटे, थांब तिथेच. गाल खरवड. अजून. आता चूळ सोड यात." त्यांनी गुरुजींच्याच टेबलावरचं साबणाचं पाणी घातलं, निळी बाटली उचलली आणि नळी तिरकी धरून ओतली.

भरघोस धागा वर आला.

धाकटीने किंकाळी फोडली. "ताई! परत आला गं!" ती खालीच बसली. आपल्या हातात नमुना नसून बहीण आहे, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. चाळीस वर्षांच्या कामात अशी चूक त्यांनी केली नव्हती.

"पाहिलंत?" गुरुजी गरजले. "शंका घेतली आणि आजार परत आला!"

"खाली उतरवा त्या बाईला!" मागून आवाज उठले.

बाईंनी स्वतःची चूळ नळीत सोडली. धागा. पुढच्या रांगेतल्या धडधाकट पहिलवानाला बोलावलं. त्याचाही धागा.

"म्हणजे सगळेच आजारी आहेत!" गुरुजी म्हणाले.

"कुणाच्या डब्यात केळं आहे का?" बाईंनी विचारलं.

केळं आलं. बाईंनी ते मीठ आणि साबणाच्या पाण्यात कुस्करलं, रुमालातून गाळलं, वर थंडगार स्पिरिट सोडलं. मूठभर धागा निघाला, माणसांपेक्षा जास्त.

"याला कुठे गाठ आहे ते सांग," बाई म्हणाल्या. "याच्या सात पिढ्यांनी काय पाप केलं होतं?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसलं. बाईंनी दोन्ही बाटल्या पुढच्या रांगेला हुंगायला दिल्या. "साबणाने पेशी फुटते. मीठ आणि थंड स्पिरिट मिळून आतला धागा गोळा होतो. जिवंत प्रत्येकात तो असतो, त्याच्यावाचून कुणी जगत नाही. तोंड धुऊन घेतलं आणि स्पिरिटऐवजी पाणी घातलं की निघत नाही. झालं यांचं औषध!" त्यांनी नळी गुरुजींपुढे धरली. "आता तू चूळ सोड."

गुरुजींनी ओठ घट्ट मिटले. या सभा सुरू झाल्यापासून दोन वर्षांत ते तोंड पहिल्यांदाच बंद झालं होतं. मघाशी रडणाऱ्या म्हातारीने उठून त्यांच्या अंगावर चप्पल भिरकावली.

सोमवारी डॉक्टरांनी धाकटीच्या तपासणीची चित्रं बघितली. "आठ महिन्यांपूर्वी तासाभराचं काम होतं," ते म्हणाले. "आता कॅन्सर हाडांत पोचलाय."

बाहेरच्या बाकावर धाकटीने विचारलं, "ताई, तो धागा तू रोज काढायचीस?"

"हो."

"मी विचारायचे, दिवसभर काय करतेस गं तिथे? तू म्हणायचीस, तुला नाही कळायचं. केळ्यातून निघतो. एवढं मला कळलं असतं."

पाच महिन्यांनी धाकटी गेली.

आता बाई पिशवीत मीठ, साबण, स्पिरिट आणि डझनभर केळी घेऊन शाळाशाळांतून आणि चाळीचाळींतून फिरतात. सांगतात तेही थोडंच. "तुमच्या अंगातून कुणी काही काढून दाखवलं, तर त्याला म्हणा, हेच केळ्यातून काढून दाखव. आणि गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा." मग त्या काचेची कांडी मुलांच्या हातात देतात.

परवा एका शाळेत मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मला नाही कळलं." बाईंनी दुसरं केळं सोललं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.