साडेअकराची घंटा

हौसामावशी चहा घेऊन आल्या तेव्हा प्रदीप सर पेटीतली सातवी चिठ्ठी वाचत होते आणि शिल्पा मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. गणितात पस्तीस पडू दे, पेढे ठेवीन, असं कोणीतरी लिहिलं होतं.

पेटी खरं तर तक्रारीची. कोणी त्रास देत असेल, मनात काही सलत असेल, तर मुलांनी लिहून टाकावं आणि शनिवारी समितीने ते वाचावं, असा वरून आलेला आदेश. मुख्याध्यापक प्रदीप सरांनी ती हमरापूरला, गणपती रंगवणाऱ्या सखाकडून करून घेतली. सखा कलाकार माणूस, त्याला साधा खोका कसा पाठववेल? त्याने वर सोनेरी रंगात वीणेसकट सरस्वती काढली. सरांनी नारळ फोडला, हार घातला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. मुलं पेटीसमोर चपला काढून हात जोडू लागली. आत पडायचे ते नवस.

आठवी चिठ्ठी सरांनी मोठ्याने वाचली. "माते, सोमवारची सुट्टी रद्द कर. मला घरी जायचं नाही."

"बघा, शाळेवर किती जीव आहे," सर म्हणाले आणि वहीत 'तक्रार नाही' असं लिहून त्यांनी सही केली. मॅडमनीही केली. त्या दोघांची समिती.

हौसामावशींनी मात्र हातातला कप खाली ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी या हायस्कुलात शिपायाचं काम केलं होतं, येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. सुट्टी नको म्हणणारं पोर त्यांनी या एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या भीत भीत म्हणाल्या की सर, हे काही बरं दिसत नाही. सर रागावले नाहीत. भातकापणीचे दिवस आहेत, घरी गेलं की शेतावर जुंपतात, म्हणून लिहिलं असेल कोणीतरी, असं त्यांनी समजावलं. त्यांना दुपारी बैठकीसाठी रोह्याला जायचं होतं, त्यामुळे पुढचं मंगळवारी बघू म्हणाले.

घड्याळात अकरा वाजायला पाच मिनिटं होती. साडेअकराला शाळा सुटणार. नागोठण्याकडे जाणारी एसटी लगेच येते, अर्धी शाळा तिच्यात चढते. मग दीड दिवस आणि वर सोमवार.

व्हरांड्यात येऊन त्या उभ्या राहिल्या आणि एकदम त्यांना आठवलं. नववीतली सुरभी. दिवाळीच्या सुट्टीनंतर ही पोर रोज शाळा सुटल्यावर मागे राहत होती. खिडक्या लावायची, वर्गांतले फळे पुसायची, माठ पालथे घालायची. मावशींचे गुडघे दुखतात म्हणून करते, असं मावशींना वाटायचं. पोर गुणाची हाय, असं त्या चारचौघांत सांगायच्या. आणि काम संपलं की त्याच तिला दटावायच्या, जा गो आता घरी, आई वाट बघत असेल. रोज. स्वतःच्या तोंडाने. हे आठवलं तेव्हा त्यांना स्वतःचीच चीड आली.

नववीचा तास रिकामा होता. सुरभी आत्ताच सगळे डस्टर गोळा करून बसली होती.

"आज थांबू ना मावशी? वरच्या खिडक्या पण लावते."

मावशींनी तिला जिन्याखाली नेलं. कसं विचारावं ते सुचेना, म्हणून सरळच विचारलं. "सुट्टीची चिठ्ठी तू टाकलीस?"

पोरीचा चेहरा उतरला. "मी देवीला सांगितलं होतं. तुला कोणी सांगितलं?"

पेटी माणसं उघडतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. सरांनी वाचली का, हसले का, असं ती विचारत राहिली. मावशींनी तिचा हात धरला.

"आई कंपनीत शिफ्टला जाते," सुरभी खाली बघून म्हणाली. "मग काका येतो घरी. सुट्टीला तर दिवसभर."

मावशींनी आणखी विचारलं नाही. त्यांच्या वयात एवढं कळायला पुढचं ऐकावं लागत नाही.

तिला तसंच हाताला धरून त्या ऑफिसात आल्या. सुरभीला दाराशी बाकावर बसवलं आणि आत जाऊन मॅडमना हळू आवाजात सांगितलं. थोड्या वेळापूर्वी हसणाऱ्या मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन काढला आणि दहा-नऊ-आठ, तो मुलांसाठीचा नंबर लावला. भिंतीवर त्याचा कागद चिकटवलेला होता, पण तो लावायची वेळ आजवर आली नव्हती. सर उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मग वही ओढून त्यांनी 'तक्रार नाही'वर रेघ मारली. रोह्याला आज येत नाही, असं त्यांनी कळवलं. आईचा नंबर शोधायला ते रजिस्टर उलटू लागले आणि सवयीने त्यांची नजर घड्याळाकडे गेली.

"हौसाबाई, घंटा. साडेअकरा होऊन गेले."

मावशी दाराशी सुरभीजवळ उभ्या होत्या. "मी नाय देत सर."

एकतीस वर्षांत त्यांची घंटा कधी मिनिटभर चुकली नव्हती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे. ते स्वतः व्हरांड्यात गेले. टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यांनी हातोडा मारला. सवय नव्हती, पहिला घाव निसटला. मग वाजली, वेडीवाकडी. वर्गावर्गांतून पोरं ओरडत बाहेर पडली.

सुरभीने मावशींचा पदर घट्ट धरला.

"ही बाकीच्यांची हाय गो," मावशी म्हणाल्या. "तुझी नाय."

एसटी आली, भरली, निघून गेली. आत मॅडम अजून फोनवर बोलत होत्या, शाळेचं नाव परत परत सांगत होत्या. मावशींनी एक डस्टर सुरभीच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. दोघी नववीच्या वर्गात गेल्या आणि फळा पुसून एकेक खिडकी लावू लागल्या, घाई न करता.