कपाटातला देव

"मिस, हडप्पाच्या लोकांचं देऊळच सापडलं नाही, मग ते देव कुठे ठेवायचे?"

मी हे विचारणार नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. मी चक्क उभी राहून विचारलं. विभामिस हसल्या. "नक्की कुणालाच माहीत नाही. पण घराघरांत मातीच्या लहान मूर्ती मिळाल्यात. घरीच पुजत असतील कदाचित."

मला आमचं कपाट आठवलं. रियाधमध्ये देऊळ नाही, म्हणून आईचे देव साड्यांशेजारी बसतात. दाराची बेल वाजली की ती हलकेच कपाटाचं दार लावते. इथे संस्कार कुठून होणार, म्हणून बाबा मला अकरावीला नाशिकला आत्याकडे पाठवणार होते.

संध्याकाळी मी कणकेत हळद मळून इवलासा गणपती केला. आईनं बाळकृष्ण सरकवून त्याला जागा दिली.

"सोंड वाकडी झाली गं," बाबा म्हणाले.

"असू दे. चार हजार वर्षांनी कुणी खोदलं, तर कळेल त्यांना, इथेही घरात देव होता."

"कणीक टिकेल का तेवढी?"

"मी टिकेन. बाबा, आई, मी नाशिकला जाणार नाहीये. अकरावी इथेच करणार, तुमच्याजवळ."