एकशे सत्तावीस दात

लेकीकडे आठ दिवस राहून दादा परतला, पिशवी दारात टाकली आणि पाणीही न पिता मागच्या खोलीत गेला. दिवा लावला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोखंड कातायच्या लेथच्या डाव्या अंगाचं झाकण उघडं पडलेलं, आतले गिअर गायब, आणि त्यांच्या जागी एक काळी मोटर, एक रबरी पट्टा आणि वर लाल आकडे लुकलुकणारा डबा.

"माझ्या लेथला हात कुणी लावला?"

विचारायची तशी गरज नव्हती. या घरात वायरी जोडण्याची खाज एकालाच होती. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात केस पांढरे केलेला धाकटा भाऊ दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा, की जणू बक्षीसच मिळणार आहे.

"बाबांच्या लेथला," तो म्हणाला. "आणि ऐकून तरी घे. सळई धरणारा चक किती फिरला ते हा सेन्सर मोजतो, त्या हिशेबाने मोटर टूल सरकवणारा लीड स्क्रू फिरवते. आकडा दाबायचा, हवे तसे आटे पाडायचे. गिअर बदलायची कटकट संपली."

"मी कटकट म्हणालो होतो? बाबांचं चाक कुठंय?"

"आता लागत नाही ते."

"लागतं की नाही ते तू कोण सांगणार? चाक कुठंय?"

त्या चाकासाठी दादा एवढा भडकला, त्याला कारण होतं. लेथ जुना, इंची मापाचा. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मधे एकशे सत्तावीस दातांचं चाक लागतं, दुसरं चालत नाही. विकत मिळेना म्हणून वडिलांनी ते स्वतः कापलं, वर आकडे उठवायच्या पंचाने १२७ ठोकलं. गल्लीतले टर्नर मुद्दाम ते बघायला यायचे आणि वडील दोन दिवस हवेत असायचे.

त्याच चाकावर एकोणिसाव्या वर्षी दादाने वडिलांनी घेतलेल्या परीक्षेचा बोल्ट केला होता. दीड मिलिमीटरचे आटे, आणि त्यावर बसवायला कारखान्यातून आणलेला बोटभर लांब नट. तीन बोल्ट केले. तिन्ही वेळा नट निम्म्यावर येऊन अडला. चार लोकांसमोर वडील म्हणाले, "हात जड आहे तुझा. टर्नरकी तुझ्या नशिबात नाही." पुढच्याच आठवड्यात दादा कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटला आणि चाळीस वर्षं खिडकीतून दुसऱ्यांच्या हातात टूल देत बसला.

तो नट मात्र त्याने टाकला नव्हता. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हेच काढलं: मरायच्या आधी त्या नटाला बसेल असा एक बोल्ट आपल्या हाताने करायचा. वर्षभरात सहा केले. सहाही अडले. दर वेळी तो स्वतःच्याच हाताकडे बघून शिव्या घालायचा, आणि धाकटा ते भिंतीपलीकडून ऐकायचा.

"एकच बोल्ट कर," धाकटा म्हणाला. "मग सगळं उखडून तुझं चाक बसवतो. शपथ."

दादाने रागारागात सळई चकात धरली. आपल्याला जमत नाही ते या डबड्याला तरी कसं जमतं, बघूच. धाकट्याने दीडचा आकडा दाबला. दादाने टूल लावलं, एक काप, दुसरा, तेल, पुन्हा काप. नेहमीची ती खरखर नव्हती. दात ओठ खात त्याने शेवटचा काप दिला आणि खिशातून नट काढला.

नट फिरला. निम्म्यावर आला. दादाने श्वास धरला. नट तसाच पुढे गेला आणि शेवटपर्यंत जाऊन टेकला.

आनंद व्हायचा तर त्याचं डोकं आणखी फिरलं. "हे यंत्राने केलं! मी नाही! पाहिलंस ना, मला बाजूला केलं की काम होतं!"

"मोटर नुसता स्क्रू फिरवते रे. टूलला धार तू लावलीस, काप तू दिलास." धाकट्याचा आवाज एकदम खाली आला. "मी दाखवणार नव्हतो. तुझे जुने बोल्ट मापले, तर सगळे सारखेच चुकलेले. हात चुकला असता तर वेगवेगळे चुकले असते." त्याने कपाटामागून चाकाचा जुना डबा ओढला आणि चाक काढून दिलं. "दात मोज."

दादाने खडूची खूण करून मोजले. एकशे सव्वीस. पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा बोट टेकवत, मोठ्याने मोजले. एकशे सव्वीस.

चाकाच्या डब्यात कागदाची एक पिवळी पट्टी होती. हीच चाकाभोवती गोल गुंडाळून वडिलांनी दातांच्या जागा आखल्या होत्या. त्यावर रेघा बरोबर एकशे सत्तावीस. दादाने पट्टीची दोन टोकं जुळवली, तशी पहिली रेघ शेवटच्या रेघेवर बसली. दोन रेघांची जागा एकच; एक दात तिथेच गेला होता.

"चूक झाली त्यांच्याकडून," धाकटा म्हणाला. "त्यांना कुठे माहीत होतं?"

दादाने पट्टी पुन्हा डब्यात ठेवली. मग म्हणाला, "माझ्या त्या परीक्षेनंतर या लेथवर मिलिमीटरच्या आट्यांचं एकही लांब काम झालं नाही. सगळी पलीकडच्या वर्कशॉपला जायची. मीच पोचवायचो. मला वेळ नाही, बाबा म्हणायचे." त्याचा आवाज फाटला. "माहीत होतं त्यांना! चाळीस वर्षं माहीत होतं, आणि मेले तरी बोलले नाहीत!"



दादाने चाक ऐरणीवर ठेवलं, आकड्यांच्या पंचांतून सहाचा उचलला, १२७ मधल्या सातावर टेकवला आणि हातोडा असा हाणला की खिडकीची काच वाजली.

"हळू, दादा!"

"कशाला? हात जड आहे माझा," तो म्हणाला आणि दुसरा घाव घातला.